हात वर ठेवा, मामा

हॅलोताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं ऑफिसात कुणी उरलं नव्हतं. तीस वर्षांपूर्वी त्या टेलिफोनच्या बोर्डावर लागल्या. पुढे बोर्ड गेला, इंटरनेट आलं, आणि चार शाखांची पडद्यावरची मीटिंग जोडून द्यायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. वही घेऊन बसल्या आणि शिकल्या. मशीनला रोज हात जोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही, एवढा एकच त्यांचा हट्ट.

तपासायची त्यांची रीत ठरलेली. "मी 'झालं' म्हणेपर्यंत हात वर ठेवा." तेवढ्यात चित्र, आवाज, सगळं बघून व्हायचं. पडद्यावर काळा चौकोन दिसला की साहेबांचं डोकं फिरायचं, म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. लाईन तुटली तरी त्या शाखेचं शेवटचं चित्र तसंच राहील, अशी.

लांबच्या शाखेत कॅमेऱ्यासमोर शिपाईमामा उभे राहायचे, केस विंचरून. त्यांची लेक दुसऱ्या शाखेत कारकून. त्या दिवशी मामा म्हणाले, "ताई, लेकीला जोडा ना एकदा. वर्ष झालं, तोंड बघितलं नाही."

"आज नको मामा, साहेब इथंच आहेत. लाईन कामासाठी असते. उद्या नक्की. आता हात वर करा बघू."

मामांनी हात वर केला आणि लाईन गेली. त्याच संध्याकाळी मामाही गेले.

लांबच्या शाखेची लाईन दोन आठवडे बंदच राहिली. रोज सकाळी हॅलोताई मशीन लावत, आणि तीन चालत्याबोलत्या चौकोनांशेजारी चौथ्यात मामा, हात वर. बाहीचं एक बटण तुटलेलं.

आठव्या दिवशी त्यांना वाटलं, कोपर जरा वाकलंय. दहाव्या दिवशी बोटं मिटत आल्यासारखी दिसली. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

"ताई, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," तो हसला. "चित्र कधी दमतं का?"

"मग काल हा हात कानाच्या वर होता, तो आज खांद्याशी कसा?"

त्याने पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मग पाण्याची बाटली घेऊन निघून गेला.

पंधराव्या दिवशी साहेबांचा निरोप आला, लांबची लाईन अकराला जोडणार. नवं चित्र आलं की जुनं पुसलं जाणार. मामांची लेक नेमकी त्याच दिवशी रजेवरून कामावर आली होती. दिलेला शब्द राहून गेला होता, आणि हातात अर्धा तास. हॅलोताईंनी साहेबांना विचारलंही नाही. लेकीची शाखा जोडली.

"पोरी, खुर्ची पुढं घे. घाबरू नकोस."

लेक पडद्यापाशी सरकली. तुटक्या बटणाच्या जागी बोट टेकवलं. मग म्हणाली, "बाबा, बटण लावून द्यायचं राहिलंच की माझ्याकडून." थोड्या वेळाने तिने विचारलं, "ताई, हे हात वर करून कशासाठी उभे आहेत?"

हॅलोताईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं. चित्र थरथरत होतं. नव्हे, फक्त हात थरथरत होता. त्यांना आठवलं, लाईन गेली तेव्हा एक शब्द म्हणायचा राहिला होता. साध्या माणसाला सांगितलं ते त्याने पाळलं होतं.

त्यांनी हात जोडले आणि माईक जवळ ओढला. "मामा, तुमची लेक समोर आहे. बघून घ्या पोटभर." जरा थांबल्या. "आणि मामा... झालं."

हात सावकाश खाली आला. मामांनी मान डोलावली, बाही नीट केली आणि चौकोनाच्या कडेने बाहेर गेले. मागे नुसती भिंत राहिली. दुसऱ्या शाखेत लेक तोंडावर पदर धरून बसली होती.

हॅलोताईंनी लांबच्या शाखेला फोन लावला. "लाईन आली का हो तुमची?"

"छे! माणसं आत्ता शिडी लावताहेत," तिथले मॅनेजर म्हणाले. "आणि ती खोली तर कुलूपबंद आहे. का हो?"

"काही नाही," हॅलोताई म्हणाल्या. "तपासत होते."