अस्तर लावलेलं पत्र

अक्का गेल्याचं मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळलं. फोन शिपायाने घेतला होता. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या बिल्डिंगमधून आहे, कोणी टेलर-अम्मा..." आणि पुढचं त्याने हाताने दाखवलं. समोर पत्रलेखनाच्या उत्तरपत्रिका होत्या. विषय होता, दूर राहणाऱ्या नातेवाइकाला पत्र. मी हातातली उत्तरपत्रिका संपवली, मार्क दिले आणि मगच उठले. का, ते अजून सांगता येत नाही.

सुमतीअक्का चिकपेटेत आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, आम्ही पहिल्या. दोन्ही मजल्यांना जोडणारा जिना बांधताना कोणाला तरी शिडी आणि जिना यांतला फरक ठरवायचा राहून गेला असावा. अक्कांचं घराणं तीन पिढ्यांपासून बंगळूरात. त्यांची मराठी अर्धी कानडीच्या तालावर चालायची. मी लग्नानंतर साताऱ्याहून आलेली, त्यामुळे सुरुवातीला मला त्यांचं बोलणं आणि त्यांना माझं बोलणं गमतीचं वाटायचं. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल लावून मुलीला, विद्याला, इंजिनिअर केलं. मशीन खिडकीपाशी होतं आणि विद्याचं टेबल मशीनला लागून. मुलगी कमी बोलणारी, आई कामात. दोघी एकमेकींशी काय बोलायच्या असं विचाराल तर मला "जेवलीस का" याच्यापलीकडे काही ऐकल्याचं आठवत नाही.

ब्याण्णव साली विद्याला कॅनडातल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. त्या काळात आमच्या मराठी मंडळात दर उन्हाळ्यात एक-दोन मुलं अशी निघायची. मंडळाचे अध्यक्ष त्यांना शाल-नारळ देऊन म्हणायचे, "आपल्या मंडळाचा झेंडा आता सातासमुद्रापार फडकेल." मंडळाला झेंडा नव्हता. मुलं परत यायची नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक असायचं. शिकायला जायचं, शिकता शिकता नोकरी बघायची आणि मग तिथेच कायमचं राहायचा अर्ज करायचा, हा रस्ता पोरांना पाठ होता. मात्र व्हिसाच्या अर्जाला एक पत्र जोडावं लागायचं: मी परत येणार आहे, आणि का येणार आहे. ही पत्रं मी लिहून द्यायचे. इंग्रजीची प्राध्यापिका म्हणून ते काम माझ्याकडे कधी आलं आणि कधी रुजलं, कळलंच नाही. अध्यक्षांच्या भाषणांना मी मागच्या रांगेत बसून हसायचे आणि घरी येऊन त्याहून भरजरी पत्रं लिहायचे.

विद्याचं पत्र मात्र मी मन लावून लिहिलं. 'माझ्या आईच्या मशीनच्या आवाजात मी अभ्यास केला आहे. तो आवाज थांबला की मला जाग येते. ज्या घराने मला घडवलं, त्या घरी, आईजवळ, शिक्षण पूर्ण होताच मी परत येईन.' इंग्रजीत हे आणखी फुलारलेलं होतं. विद्याने वाचलं आणि म्हणाली, "मावशी, चालेल." एवढंच.

अक्कांनाही एका कागदावर सही करायची होती. नोटरीकडे जाण्याआधी त्या मला म्हणाल्या, "टीचर, आमच्या यजमानांनी सांगून ठेवलंय, न वाचता सही करायची नाही. पोरीनं काय लिवलंय ते स्वल्प सांगा की." मी पत्र मराठीत सांगितलं. त्यांनी मशीनवरचा पाय काढला, चष्मा काढला. मग म्हणाल्या, "मला कधी बोलली न्हाई बघा हे." मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, अक्का, हे मी लिहिलंय, अशी पत्रं अशीच लिहितात. विद्या तिथेच बॅग भरत होती. ती खाली बघत राहिली. मीही गप्प बसले. मग अक्कांनी विचारलं, "माज्याबद्दल अजून कायबी न्हाई?" आणि मी, कागदावर नजर ठेवून, त्यात नसलेलं एक वाक्य वाचलं: 'आई, जिना फार चढउतर करू नकोस, तुला दम लागतो.'

विद्या गेली. तिची पत्रं यायची, थंडी, लॅब, बस, तब्येत सांभाळ. ती अक्का स्वतःच वाचायच्या, मराठीत असायची ना. दोन-तीन महिन्यांनी मात्र पदराने हात पुसत खाली यायच्या, ब्लाउजच्या कापडात गुंडाळलेली त्या पत्राची प्रत घेऊन. "टीचर, ते सरकारला लिवलेलं वाचा की एकदा." मी वाचायचे. जिन्याचं वाक्य एकदा गाळून पाहिलं, तर म्हणाल्या, "एक ओळ सोडली तुमी." तेव्हापासून सोडली नाही. हे ऐकायला त्या ज्या जिन्याने यायच्या, त्याच जिन्याने धापा टाकत वर जायच्या.

पदवी झाली, नोकरी लागली. मग मला वेगळं पाकीट आलं. 'मावशी, मी इथे कायम राहण्यासाठी अर्ज करते आहे. माझ्या जन्माचा दाखला हवा. आईला एवढ्यात सांगू नका, मी सांगेन.' आई बरोबर असल्याशिवाय दाखला मिळणार नव्हता, म्हणून मी अक्कांनाच घेऊन महापालिकेच्या कचेरीत गेले. "तिकडच्या कामाला लागतो," एवढंच सांगितलं. त्या ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या. कारकुनाने कशाला हवा असं विचारताच त्यांनी माझ्याआधी उत्तर दिलं, "मगळु बर्ताळे!" मुलगी येतेय. कारकून खूश झाला, माझ्याकडे बघून हसला, दाखलाही त्याच दिवशी दिला. मुलगी येणार नाही याची सोय करणारा तो कागद अक्का परतीच्या रिक्षात पदराखाली धरून बसल्या होत्या, घडी पडू नये म्हणून.

खरं सांगून टाकायची तरी एक संधी होती. निपाणीहून त्यांचे धाकटे भाऊ, दत्तूमामा, न्यायला आले. अक्कांचा दमा वाढला होता. मामांचं घर तळमजल्यावर, सून चांगली, शिवाय अंगणात मशीन ठेवायला जागा. "अक्का, कुणासाठी बसलीस हितं? चल माज्यासंगं." अक्का हसल्या. "दत्तू, खुळा का काय तू? विद्या येनार हाय. सरकारला लिवून दिलंय तिनं. सरकारला कोन खोटं लिवतंय? आली आनि घराला कुलूप दिसलं तर?" आणि मग माझ्याकडे वळून, "सांगा की टीचर, काय लिवलंय."

मामा माझ्याकडे बघत होते. विद्याचा अर्ज तेव्हा सरकारी टेबलांवरून फिरत होता. निकाल लागेपर्यंत देश सोडणं नको, असं तिने मला कळवलं होतं. मी दोन वाक्यांत सगळं सांगू शकले असते. अक्का रडल्या असत्या, माझ्याशी कदाचित बोलल्या नसत्या, आणि निपाणीला तळमजल्यावर राहिल्या असत्या. मी म्हणाले, "लिहिलंय खरं तसं." व्याकरणाच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. मामा संध्याकाळच्या गाडीने एकटे परत गेले.

पुढच्याच वर्षी अक्का दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसल्या त्या उठल्या नाहीत. वर जात होत्या की खाली येत होत्या, कोणालाच माहीत नाही. हातात काही नव्हतं, असं शेजारीण म्हणाली. हे मी तिला दोनदा विचारलं.

विद्या चौथ्या दिवशी पोचली. तिचे कायमचे कागद झाले होते. आईला तिकडे बोलवायचा फॉर्मही आणून ठेवला होता, असं म्हणाली. घर आवरताना मशीनच्या खणात, बॉबिनांखाली, तिला ते पत्र मिळालं. उघडून उघडून घड्यांवर फाटलं होतं. अक्कांनी त्याला मागून पांढऱ्या पॉपलिनचं अस्तर लावलं होतं, कडेने बारीक टीप मारून, कोपरे आत दुमडून, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला लावतात तितक्या नेटकेपणाने. विद्याची स्वतःची पत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, नीट, तारखांप्रमाणे. त्यांना अस्तराची गरज पडली नव्हती.

"मावशी, हे तर तुम्ही लिहिलेलं."

"हो."

"तिला माहीत होतं?"

"नाही."

ती मशीनच्या स्टुलावर बसली. "मामा म्हणाला, ती यामुळे गेली नाही त्याच्याकडे." मग तिने पत्र माझ्यापुढे धरलं. "तिला वाचून दाखवायचात ना, तसंच वाचा."

मी वाचलं. मशीनचा आवाज, जाग येणं, घर. सवयीने त्याच जागी थांबले आणि म्हणाले, 'आई, जिना फार चढउतर करू नकोस, तुला दम लागतो.' विद्याचं बोट इंग्रजी ओळींवरून फिरत होतं. ते थांबलं, वर गेलं, पुन्हा पहिल्यापासून खाली आलं.

"हे कुठंय यात?"

तिने आणखी एकदा शोधलं... मग पत्र माझ्या हातात ठेवलं आणि स्वतःच्या पत्रांची पिशवी तेवढी बॅगेत टाकली.

पत्रं लिहून घ्यायला मुलं अजून येतात. मी आता एकच अट घालते: घरी आईवडिलांना तुम्ही स्वतः वाचून दाखवा, मग पाकीट बंद करा. बहुतेक जण पुन्हा येत नाहीत.

मशीन आमच्याकडे आहे. मला ते चालवता येत नाही. कधीतरी खण उघडून पत्र बाहेर काढते, वाचत नाही, नुसतं पसरून परत मिटते. कागद कुठे दुमडायचा ते मला बघावं लागत नाही. अस्तर आपणहून त्याच घडीवर येतं.