उद्या देवी काढणारा येणार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही — त्याला ठाऊक आहेच, असं म्हणून गप्प बसलो. घरातलं एखादं पोर ‘आई शप्पत, खरंच सांगते’ म्हणालं की मी उठून अंगणात जातो. लोकांना वाटतं, म्हातारा तऱ्हेवाईक आहे. वाटू दे. पण आज तुमच्यापुढे बसलोय खरा. कुठून सुरू करू?

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. खर्ड्याच्या अलीकडे एका लहानशा गावात लोकल बोर्डाच्या शाळेवर मी एकटा मास्तर होतो. शाळा म्हणजे सावळाराम नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्याची पडवी. त्यानं आपले बैल बाहेर उन्हात बांधले आणि पडवी पोरांना दिली. स्वतः अंगठेबहाद्दर, पण त्याची गोदा, आठ-नऊ वर्षांची, ही त्या गावातली शाळेत बसलेली पहिली मुलगी. संध्याकाळी ती धडा वाचायची आणि तो बैलांना वैरण टाकता टाकता ऐकायचा. मध्येच थांबली तर म्हणायचा, पुढं काय झालं?

अशात नगरहून मेहुण्याचा निरोप आला. लष्कराच्या कोठारात कारकून हवा होता. पगार दुपटीहून जास्त, राहायला खोली, धान्य स्वस्तात. आठवड्यात हजर व्हा, नाहीतर दुसरे टपलेले आहेतच. मी दिपोटींकडे गेलो — शाळा तपासणाऱ्या साहेबांना आम्ही दिपोटी म्हणायचो. ते म्हणाले, बदली मास्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. न विचारता गेलात तर नोकरी सोडल्याचा दाखला विसरा. त्या दाखल्याशिवाय नगरला मला कुणी उभं केलं नसतं. आणि बदली मास्तर त्या दिवसांत मिळत होता कुठं? मी निघालो तेव्हा ते सहज बोलून गेले, पोरंच येत नसती तर शाळा बंद करून तुम्हाला लगेच सोडलं असतं. परवा येतोच आहे तपासायला.

सहजच बोलले ते. मी मात्र ते बोलणं गाठीला बांधून घरी आलो.

माणसानं नोकरी सोडू नये का? सोडावी. चांगली मिळाली तर जरूर सोडावी. पण कधी सोडावी — कुणाला उघड्यावर टाकून सोडावी? थांबलो असतो तर नगरची जागा गेली असती, इतकंच. बायको एका शब्दानं बोलली नव्हती. हाव माझी एकट्याची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी पोरांना जवळ बोलावलं आणि — अगदी मायेनं, बरं का — सांगितलं, उद्या देवी काढणारा येणार आहे. देवीच्या रोगावरची लस दंडावर टोचणाऱ्या त्या माणसाला पोरं वाघापेक्षा जास्त भ्यायची. घरी बोलू नका, म्हटलं, आईबाप धरून देतील.

सकाळी दिपोटी आले तेव्हा पडवीत मी होतो आणि फळा होता. मोठी माणसं कामावर गेलेली, पोरं ओढ्याकाठच्या ज्वारीत दडलेली. साहेबांनी तासभर वाट बघितली. मी मान खाली घालून म्हणालो, असंच चाललंय साहेब. शाळा बंद झाली. दोन दिवसांत दाखला हातात पडला. त्या गावात पुन्हा शाळा निघाली की नाही, मला ठाऊक नाही. कधी विचारलंच नाही.

एवढंच असतं तर एखाद्या वेळी बोलूनही गेलो असतो. पण एवढंच नाही.

मी वळकटी बांधत होतो तेव्हा सावळाराम आला, गोदाला दंडाला धरून. एका हातात माझ्या वाटेसाठी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. पोरीचे डोळे सुजलेले. त्याला वाटत होतं, शाळेबरोबर माझी नोकरीही गेली.

“मास्तर,” तो म्हणाला, “आमच्या लेकरांनी तुमच्या पोटावर पाय आनला.”

मी वळकटीची दोरी आवळत राहिलो. मग तो म्हणाला, “ही म्हंती, देवी काढनारा येनार असं मास्तरच म्हनले. मारलं तरी त्येच म्हंती. तुमीच सांगा, तुमी म्हनला व्हता का?”

गोदा माझ्याकडे बघत होती. भिऊन नाही — आता मास्तर खरं काय ते सांगतील आणि आपण सुटू, अशा भरवशानं. दाखला खिशात होता. सावळाराम काही तक्रार घेऊन साहेबाकडे धावणारा माणूस नव्हता. माझं काय जाणार होतं?

“नाही,” मी म्हणालो.

त्यानं तिला पुढं ढकललं. ती वाकली, माझ्या पाया पडली. “चुकलं, मास्तर,” म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि — हे मी बोललो, याच तोंडानं बोललो — “पुन्हा असं खोटं बोलू नकोस, गोदे.”

“न्हाई बोलनार,” ती म्हणाली.

शेंगा मी घेतल्या. वाटेत खाल्ल्याही.