सुभेदारकाकांचा डावा हात

सुभेदारकाका नेमबाजी शिकवायचे, पण लक्ष्याकडे बघू द्यायचे नाहीत. "माशीकडं बघ," एवढंच म्हणायचे. माशी म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरचा बारीक उभा तुकडा. तो मागच्या खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड सोडून दिसला पाहिजे. समोरचं लक्ष्य अंधुक दिसलं तरी चालेल.

लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नागापूरला, एमआयडीसीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये एअर पिस्तुलाची रेंज काढली. मी जवळच्याच कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला होते. शिफ्ट सुटली की तिकडे जायची.

मी नेम धरायची तो लक्ष्यातल्या काळ्या वर्तुळाच्या मध्यावर. काळी माशी त्यात बुडूनच जायची. "काळ्यावर काळं दिसंल का? खाली पांढऱ्यात ये," काका म्हणाले. माशी लख्ख दिसू लागली, पण छर्रे खाली पडू लागले. मी लगेच खाचेचा स्क्रू फिरवायला गेले, तर त्यांनी मनगट धरलं. "आधी समदे एका जागी पडू दे. पांगलेल्या छर्ऱ्यांना स्क्रू काय करनार?" छर्रे गोळा व्हायला लागले, तेव्हा कुठे त्यांनी मला खाच वर घेऊ दिली.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. रेंज बंद पडणार असंच आम्ही धरून चाललो होतो. काका आले ते पिस्तुलाला डाव्या हाताची मूठ बसवून घेऊनच.

"आता पुरे की. पडाल एखाद्या दिवशी," काकू म्हणाल्या.

"घरी बसून काय करू?"

छर्रा मी भरून द्यायची. कागदभर भोकं पडायची. काका पुन्हा हात उचलायचे. कितीतरी महिन्यांनी एका दुपारी सगळे छर्रे डावीकडे, एकमेकांना चिकटून पडले. काकांनी पिस्तूल खाली ठेवलं. "खाच उजवीकडं सरकव. मला स्क्रू फिरवता येत न्हाई."

मी सरकवली. पुढचा छर्रा काळ्यात गेला. मागे बसलेल्या काकूंनी तोंडाला पदर लावला.

पुढे ते दोघं तिसगावला लेकीकडे राहायला गेले. निघताना, रिक्षा दारात उभी असताना, काकांनी पिस्तूल माझ्या हाती दिलं.

"काका, हे असंच ठेवते. तुमचा नेम आहे यात."

"माझा नेम ठेवून काय करशील? हात तुझा, डोळा तुझा. स्क्रू फिरव, माझ्यासमोर."

माझ्याच्याने होईना. रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला, तरी काका हलले नाहीत. शेवटी मी स्क्रू फिरवला. तेव्हा त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि सावकाश रिक्षाकडे निघाले.