डार्लाचं ‘बरंय’ आणि तागाची दोरी

डार्ला नीमीने उभ्या आयुष्यात कुणाला ‘दुखतंय’ म्हणून सांगितलं नव्हतं. एकदा दाताच्या डॉक्टराने हिरडी बधिर व्हायच्या आतच यंत्र चालवलं, तेव्हासुद्धा ती खुर्चीचे हात घट्ट धरून “बरंय, बरंय” करत राहिली. वर पुढच्या आठवड्यात त्याच डॉक्टराला लिंबाच्या वड्या करून देऊन आली. आता याला काय म्हणायचं!

आमच्या डुलुथमध्ये, सरोवराकाठच्या या थंडगार गावात, माणसं तशीच आहेत म्हणा. गाडी बर्फात रुतलेली, आतला माणूस काकडून निळा पडलेला, आणि कुणी विचारलं तर तो काच खाली करून म्हणणार, “तसं काही वाईट नाही.” भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्याकडे ही बाई घरोघरी पाहुणी म्हणून येते आणि मग हलायचं नाव घेत नाही. डार्लाच्या घरी तर तिने पलंगच टाकला होता.

डार्लाचं केस कापायचं छोटं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकांची रडगाणी ऐकायची, कात्री चालवायची. नवरा रोली खनिज वाहून नेणाऱ्या बोटींवर डेकवर होता. गुडघ्याने दगा दिला तेव्हा घरी बसला. मुलं मिनियापोलिसला गेली, घर मोकळं झालं, आणि दोघं एकमेकांकडे बघत बसायला लागली. बघून तरी किती बघणार?

अशात एका शनिवारी सरोवराच्या कडेने गाडीतून जाताना डार्लाने मनातली एक गोष्ट सांगून टाकली. गाडीत बरं असतं, तोंडाकडे बघावं लागत नाही. लग्नाआधीपासून तिला वाटायचं की कुणी आपल्याला प्रेमाने, सावकाश, दोरीने बांधावं. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. बोलून झाल्यावर ती कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रोली टू हार्बर्स गाव येईपर्यंत गाडी चालवत राहिला. मग म्हणाला, “कसली दोरी?”

“म्हणजे?”

“नायलॉन की ताग? नायलॉन निसटतं गं. हाताला चटकेही देतं.”

डार्ला एवढी हसली की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली.

गावात हे शिकवणारी बाई होती, बेव्ह ओकरलंड. फुलांचं दुकान चालवायची, आणि रविवारी दुपारी मासेमारीच्या सामानाच्या दुकानावरच्या खोलीत नवशिक्यांना दोरी शिकवायची. तिचा एक दंडक होता. आधी भर दिवसा कॅफेत कॉफी प्यायची, साध्या कपड्यांत, चार लोकांत, आणि नीट बोलायचं. त्याशिवाय कुणालाही जिना चढू द्यायचा नाही. दोरीची हौस असणाऱ्या लोकांत हा रिवाज सगळीकडेच आहे.

बेव्हने दोघांना बरंच काही विचारलं. औषधं कोणती चालू आहेत, जुनं दुखणं आहे का, हात कधी झोपी जातात का. मग डार्लाकडे वळून म्हणाली, “आणि तुला काय नकोय?”

“मला काहीही चालेल,” डार्ला म्हणाली.

बेव्हने कप खाली ठेवला. “‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या माणसाला मी दोरीजवळ फिरकू देत नाही. एक तरी सांग.”

“अगं, पण खरंच...”

“मला घाई नाही. दुकान आज बंद आहे.”

डार्ला इकडे बघ, तिकडे बघ, साखरेची पुडी उलगड. रोली गंभीर चेहऱ्याने ॲपल पाय खात होता. शेवटी डार्ला पुटपुटली, “मानेला काही लागलेलं नको.”

“शाबास! मानेला तर आपण कधीच लावत नाही. पण तू बोललीस.” बेव्ह खूश झाली. डार्लाला मात्र कुणाच्या घरी जाऊन नावं ठेवून आल्यासारखं वाटलं.

पहिल्या रविवारी जमलेली मंडळी बघून तिचा जीव भांड्यात पडला. लोकरीचे स्वेटर, जाड मोजे, डोक्याला टक्कल. चर्चच्या जेवणाला बसावीत तशी माणसं. रोली तर आल्या आल्या उस्ताद झाला. आयुष्य दोरखंडांत गेलेलं, याला कोण गाठ शिकवणार? बेव्हने सरावाला ठेवलेल्या लोडाला त्याने फटकन बोटीवरची गाठ मारली आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

बेव्हने दोरी ओढली. गाठ लोडात रुतत गेली.

“बोट बांधून ठेवायला झकास आहे,” ती म्हणाली. “पण हे मनगट असतं तर? आपल्याला काय पाहिजे, की ओढ पडली तरी आवळायची नाही आणि सोडायला गेलं की चटकन सुटायची. तू आयुष्यभर न सुटणाऱ्या गाठी मारल्यास रोली. आता सुटणारी शिक.”

रोलीचे कान लाल झाले. पण शिकला बिचारा. दोरी अंगाला नीट सपाट बसली पाहिजे, तिच्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोथट टोकाची कात्री हाताशी हवीच, आणि दोरी कितीही महाग असली तरी वेळ आली की कापायची. बांधलेल्या माणसाला सोडून फोन घ्यायलासुद्धा उठायचं नाही. घोटभर बिअर पोटात असेल तर त्या दिवशी दोरी हातात घ्यायचीच नाही. हिरवा म्हणजे चालू दे, पिवळा म्हणजे जरा सैल कर, लाल म्हणजे थांब, आत्ताच्या आत्ता सोड.

“आणि दंडाला पहिले कित्येक महिने हात लावायचा नाही,” बेव्ह सगळ्यांना म्हणाली. “तिथे कातडीखालून नस जाते. ती दबली की मनगट लुळं पडतं. मुंग्या आल्या, बधिर वाटलं, की लाल. लाजायचं नाही. बांधणाऱ्याला आतलं दिसत नाही हो. ते तुम्हालाच कळतं.”

डार्लाने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

घरी दोघांनी चांगली सुरुवात केली. जेवणानंतर गालिच्यावर बसायचं, नुसती मनगटं बांधायची, सोडायची, मग पांघरूण घेऊन कोको प्यायचा. बोटींवरून उतरल्यापासून रोलीचे हात रिकामे झाले होते, त्यांना काम मिळालं. दोरी सरकवताना तो इतका एकाग्र व्हायचा की डार्ला त्याच्याकडे बघतच राहायची. आणि तिचं म्हणाल, तर दिवसभर दुनियेची उस्तवार करणारे तिचे हात तेवढा वेळ कुणाच्याच कामाचे नसायचे. तिला त्यात फार शांत वाटायचं.

पण सुंभ जळाला तरी पीळ जातो का? आपल्याला दोरीतलं कळतं, हे रोलीच्या डोक्यातून गेलं नव्हतं. बर्फ वितळायला लागलं त्या सुमारास त्याने फोनवर एक व्हिडिओ बघितला. त्यात छातीभोवती आणि दंडांभोवती दोरी घेतात, हात पाठीमागे. दिसायला सुरेख. “हे करून बघूया का?” त्याने विचारलं. दंडाचं बेव्ह काय बोलली होती, ते दोघांनाही आठवत होतं. दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत.

बांधून झालं. रोली दोन पावलं मागे सरकून बघायला लागला, आणि त्याचा चेहरा असा काही फुलला होता की बस्स. तेवढ्यात डार्लाच्या उजव्या अंगठ्याच्या मागे मुंग्या आल्या.

“हात कसा आहे?” रोलीने विचारलं.

“बरंय.”

मुंग्या वर चढल्या. आता त्या मुंग्याही नव्हत्या, नुसतं थंडगार. सांगावं का? एवढ्या हौसेने बांधलंय त्याने. अजून थोडा वेळ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची सवय हाडात मुरलेली असली की असंच होतं.

“डार्ला? नक्की ना?”

“बरंय रे!”

रोलीला काय वाटलं कोण जाणे. तो तिच्या मागे गेला आणि म्हणाला, “अंगठा वर कर बघू.”

डार्लाने अंगठा वर केला. म्हणजे तिला तसं वाटलं. अंगठा जागचा हलला नव्हता.

रोलीने गाठीला हातही लावला नाही, सरळ कात्री घातली. दोरीचे तुकडे गालिच्यावर पडले. डार्लाने हात पुढे घेतला तेव्हा मनगट खाली लोंबत होतं. ती ते उचलायला बघत होती आणि ते उचललं जात नव्हतं. तिचा कात्रीचा हात होता तो.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईने विचारलं, “झोपेत हात अंगाखाली आला होता का?”

डार्ला ‘हो’ म्हणायला तोंड उघडणार, तोच रोली म्हणाला, “नाही. मी दोरीने बांधलं होतं. दंडाला. तिच्या मर्जीने.”

डॉक्टरीणबाईने नुसती मान हलवली, बोटं तपासली, मनगटाला आधाराची पट्टी बांधली. नस तुटलेली दिसत नाही, दबलीय, बहुतेक परत येईल, पण आठवडे लागतील, म्हणाली. पुन्हा दाखवायला यायचं.

घरी येताना रोलीने गाडी सावकाश चालवली.

“दंडाला बांधलं ही माझी चूक,” तो म्हणाला. “त्याबद्दल तू मला हवं ते बोल. पण मी विचारलं होतं गं. तू बरंय म्हणालीस.”

“तुला वाईट वाटलं असतं म्हणून...”

“आता काय आनंद झालाय मला? इतकी वर्षं तू बरंय म्हणत आलीस. त्यातलं खरं किती होतं?”

डार्लाला हाताची भीती होतीच, पण या प्रश्नाने तिचं काळीज जास्त चरकलं. शब्दावर भरवसा राहिला नाही, तर हा माणूस पुन्हा आपल्याला हात लावेल तो घाबरतच लावेल. नुसत्या दोरीपुरतं नाही, कशातही.

बेव्ह नूडल्स आणि कोंबडी घालून ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश घेऊन भेटायला आली आणि दोघांना समोर बसवून तिने सोलून काढलं. रोलीला म्हणाली, “अति शहाणा! सहा आठवड्यांत छातीच्या बांधणीवर उडी?” डार्लाला म्हणाली, “आणि तू! बांधणारा आंधळा असतो गं. तुझ्या डोळ्यांनी चालतो. तू त्याला खड्डा नाही म्हणून सांगितलंस.” डार्ला भडाभडा रडली. बेव्हने हॉटडिश वाढलं.

हात परत आला. एका सकाळी भांडी विसळताना मनगट आपलं आपण वर उचललं गेलं, आणि डार्लाने सिंकपाशीच अशी किंकाळी फोडली की रोली गुडघ्याचं दुखणं विसरून धावत आला. हळूहळू कात्रीही धरता यायला लागली. पण रोली दोरीचं नाव काढेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा तर ताकाच्या भांड्याकडेही बघेना. मीठ देतानासुद्धा विचारायचा, “चालेल ना? नक्की?” आणि उत्तरावर त्याचा विश्वास नसायचा, ते तिला दिसायचं.

एका सकाळी डार्लाने कॉफीचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“रोली, तुझी कॉफी गढूळ पाण्यासारखी असते.”

“आज?”

“लग्नापासून.”

रोली दुपारपर्यंत घुश्शात होता. मग गॅरेजमधून येऊन दारात उभा राहिला. “आणि काय काय?”

तिने सांगितलं. त्याची बहीण दर रविवारी जेवायला येते ते जड जातं, महिन्यातून एकदा पुरे. मागल्या वाढदिवसाला आणलेला कोट बोचतो. तो बोटीवर असायचा तेव्हा मुलांच्या आजारपणात तिला एकटीला फार भीती वाटायची आणि फोनवर ती ‘बरंय’ म्हणायची. रोली खुर्ची ओढून बसला आणि त्याने ऐकून घेतलं. मधे एकदाही ‘अगं पण’ म्हणाला नाही. त्यालाही ते सोपं गेलं नसणार.

जूनमध्ये, सरोवरावरून धुकं येऊन खिडक्यांना टेकलं होतं अशा एका दुपारी, रोलीने आपणहून नवी दोरी काढली. “नुसती मनगटं,” तो म्हणाला. “पुढे.”

“नुसती मनगटं,” डार्ला म्हणाली.

तो गालिच्यावर तिच्यासमोर बसला. हळूहळू दोरी घेतली, दोन बोटं घालून बघितली, बोटं पसरायला लावली, मूठ मिटायला लावली, अंगठा वर करायला लावला. सगळं छान होतं. हात उबदार होते, दोरी मऊ होती, कुठे काही दुखत नव्हतं. डार्लाला खरोखर बरं वाटत होतं.

आणि ती म्हणाली, “लाल.”

शब्द पुरता तोंडाबाहेर पडला नाही तोच दोरी सुटली होती. रोलीचा चेहरा पांढराफटक. “काय झालं? अंगठा?”

“काही नाही झालं.”

“मग?”

“नुसतं म्हणून बघितलं. काही होत नसताना.”

आता हा चिडणार, असं डार्लाला वाटलं. इतक्या दिवसांनी धीर करून बांधलं, आणि हिने उगीच थट्टा केली. पण रोली चिडला नाही. “बरं,” एवढंच म्हणाला आणि तिची मनगटं चोळत बसला.

डार्लाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबवायला गेली तर आणखीच आलं.

“माझ्या शब्दावर कुणी असं लगेच थांबलंच नव्हतं रे कधी,” ती म्हणाली.

“तू कधी म्हणालीच नव्हतीस गं,” रोली म्हणाला.