पानांवरचे डाग

डागकाकांनी पस्तीस वर्षं लाँड्रीत कपड्यांवरचे डाग काढले. चहा, शाई, गंज की तेल, ते लांबूनच छातीठोकपणे सांगत. "डाग ओला असतानाच धुवावा, वाळला की जन्माचा सोबती," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. निवृत्तीनंतर दुकान सुटलं, पण हात थांबेनात. दाराच्या कड्या झाल्या, भिंती झाल्या, पाहुण्यांचे चष्मेसुद्धा सुटले नाहीत.

अशात काकू घसरल्या आणि पाय दोन महिने प्लास्टरमध्ये गेला. खिडकीपाशी बसून त्या बोलेनाशाच झाल्या. काकांना ते बघवेना. एकदा एवढंच म्हणाल्या, "लहानपणी कोशातून फुलपाखरू बाहेर पडताना बघितलं होतं. आता माझाच कोश झालाय."

"प्लास्टर निघायच्या आत तुला पुन्हा दाखवतो!" काकांनी शब्द देऊन टाकला.

माळ्याच्या सल्ल्याने खिडकीत लिंबाच्या दोन कुंड्या आल्या. काळी-पिवळी फुलपाखरं येत, पानांवर अंडी घालून जात. अळी मात्र औषधालाही दिसेना. दिसायची ती पक्ष्यांची शीट, काळपट, वर पांढरा फराटा. मेल्यांना एवढ्या मोठ्या जगात दुसरी जागा नव्हती! काका रोज सकाळी ओल्या फडक्याने पान न पान पुसत आणि पक्ष्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. असे तीन आठवडे गेले.

एका सकाळी काकू ओरडल्या, "अहो, थांबा! तो डाग चालतोय."

"डाग चालत नसतो. पस्तीस वर्षांत एकही चालला नाही."

फडकं लागताच डागाने डोकं उचललं, दोन केशरी शिंगं बाहेर काढली आणि असा उग्र वास सोडला की काका दोन पावलं मागे सरले. मग मटकन खाली बसले. "अगं, म्हणजे इतके दिवस मी अळ्याच पुसत होतो?" त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र पोट धरून हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदा. "जन्मभर डाग ओळखलेत हो!"

त्या दिवसापासून फडकं कपाटात गेलं. पुढच्या आठवड्यात पानांवर अकरा डाग जमले. काकांनी उन्हात त्यांच्यावर छत्री धरली, पक्षी हाकलले. सात डाग हिरवेगार होऊन पानं फस्त करू लागले. उरलेले चार खरोखरच शीट निघाले. त्यांनाही काकांनी आठवडाभर सावली दिली होती.

सहा अळ्या कुठे गेल्या, कळलं नाही. सातवी मात्र खिडकीतून आत आली आणि काकांनी स्वतः खळ घालून इस्त्री केलेल्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर कोश करून बसली. पडद्याला हात लावायला घरात बंदी झाली.

प्लास्टर कापायच्या आदल्या सकाळी कोश उकलला. चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर आलं, पडद्याला लटकलं, आणि हळूहळू पंख ताठ झाले. काकूंनी काकांचा हात घट्ट धरला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही. उडायच्या आधी फुलपाखराने तपकिरी पाण्याचे दोन ठसठशीत थेंब पडद्यावर सोडले.

काकूंनी चोरून नवऱ्याकडे बघितलं. "जा, आणा तुमचा ब्रश. ओला आहे तोवर निघेल."

काका पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"वाळू दे," ते म्हणाले.