मार्सियालकाकांचा खड्डा

ला हेरियाच्या द्राक्षमळ्यांच्या वळणावर बस आली की मी माइक तोंडाशी धरून म्हणायचे, "आता डावीकडे बघा. आमच्या बेटावरचा सगळ्यात वेडा माणूस." अख्खी बस डाव्या खिडक्यांकडे वाकायची, हसायची, फोटो काढायची. हे मी जवळजवळ दोन वर्षं केलं, आठवड्यातून सहा दिवस, तीन भाषांमध्ये. आज हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात.

तो वेडा माणूस म्हणजे मार्सियाल उंपिएरेस. वय एकोणऐंशी, अंगाने काटकुळा, डोक्यावर गवताची हॅट. काळ्या राखेच्या उतारावर तो एकटा खणत असायचा. फावड्याने टोपली भरायची, ती खांद्यावर घ्यायची, उतार चढून वर यायचं, ओतायची, परत खाली. आमच्याकडे राख म्हणतात ती चुलीतली नव्हे. मसुराच्या दाण्याएवढे काळे, हलके खडे असतात ते. तीनशे वर्षांपूर्वी सहा वर्षं डोंगर पेटले होते तेव्हा पडलेली ही राख, आणि तिच्याखाली आमच्या खापरपणज्यांची शेतं गाडलेली. राखेत खड्डा खणून जुन्या मातीपर्यंत पोचायचं, तिथं एक वेल लावायची, वाऱ्याच्या बाजूला दगडांची अर्धगोल भिंत रचायची. एक खड्डा, एक वेल. पाऊस नसला तरी ही राख दव पिते आणि मुळांना पुरवते. द्राक्षं येतात, वाइन होते, आणि तिच्यावर माझ्यासारख्यांचं पोट चालतं.

सकाळी मी लोकांना आगीच्या डोंगरांवर न्यायचे. तिथं वीतभर खालचे खडे त्यांच्या तळहातावर ठेवायचे. हात भाजला की माणसं किंचाळतात आणि खूश होतात. मग शेळीचं चीज, सालीसकट उकडलेले बटाटे, आणि दुपारी ला हेरियात मालवासिया वाइनचा एक ग्लास. या सगळ्यात हसायला काहीतरी लागतं. मला मार्सियालकाका सापडले होते.

ते वेडे कसे, तेही सांगते. ला हेरियात खड्डा माणसाच्या कमरेएवढा, फार तर डोक्यापर्यंत खोल असतो. त्याच्याखाली माती लागते म्हणून लोक खणतात. काका खणत होते तो तुकडा 'खोल राख' म्हणून ओळखला जायचा. त्यांच्या आजोबांनी तिथं हात लावला नाही, वडिलांनीही नाही. शिवाय राख काही उभी राहत नाही, घसरते. जितकं खोल जायचं त्याच्या कितीतरी पट रुंद खणावं लागतं. काकांच्या खड्ड्याचं तोंड इतकं पसरलं होतं की आमची बस त्यात सहज मावली असती. आणि एवढं सगळं एका वेलीसाठी!

"सत्तर वेली आहेत म्हाताऱ्याकडे," बेनिग्नो मला म्हणाला होता. बेनिग्नो आमचा ड्रायव्हर, त्याच गावचा. "एकाहत्तरावी कशाला हवी, विचार त्याला."

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर विनोद बिघडला असता.

मग जूनमधली ती दुपार आली. मी नेहमीचं वाक्य बोलले, बस थांब्यावर थांबली, लोक उतरले. काका वर भिंतीच्या सावलीत बसून जेवत होते. बाजूला त्यांची बायको हिनेसा उभी होती. ती रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि डब्याबरोबर तोंडही घेऊन यायची.

"खा, खा. ताकद हवी ना! अजून पाताळ लांब आहे."

"मीठ कमी पडलंय," काका म्हणाले.

"घाम गळतोय ना एवढा, तोच घाल वरून."

मी हे सगळं भाषांतर करून लोकांना सांगत होते, लोक हसत होते. तेवढ्यात आमच्यातला एक उंच, लाल गालांचा माणूस मैत्रिणीला म्हणाला, "वेड्याच्या खड्ड्यात माझा एक फोटो काढ." आणि दोन्ही हात पसरून तो धावत उतारावरून खाली सुटला.

मी ओरडले. हिनेसामावशी माझ्याहून मोठ्याने ओरडली. ला हेरियात तीन वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं की खड्ड्यात धावत उतरायचं नाही. जायचंच असेल तर मागच्या पायवाटेने, एकेक पाऊल, आणि परत येताना पाठमोरं चालत, दाताळ्याने आपले ठसे पुसत. पायाखाली दबलेली राख दव पीत नाही. त्या माणसाच्या पायाखालून आधी थोडी राख सरकली, मग त्याच्या मागची, आणि मग ती सगळी बाजूच भिंतीसकट खाली बसली. तो मांडीपर्यंत रुतला. त्याला काही लागलं नाही. तो हसतही होता. खड्ड्याचा तळ मात्र दिसेनासा झाला होता.

काकांनी डबा बाजूला ठेवला. खाली गेले, त्या माणसाला हात देऊन बाहेर काढलं, त्याची पँटसुद्धा झटकून दिली. मग माझ्यापाशी आले.

"पोरी, एवढं सांगशील यांना? खाली उतरू नका म्हणावं."

"सांगते काका. किती... किती दिवसांचं काम गेलं?"

"पाच महिन्यांचं असेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. राग हिनेसामावशीकडे होता, आणि तो तिने राखून ठेवला नाही.

"वेडा माणूस, होय ग? चार भाषा येतात म्हणे तुला. त्यातल्या एकीत तरी विचारलंस का कधी, का खणतो म्हणून? तू उभी आहेस ना, त्या डांबराखाली माझी वेल होती!"

मला चार नाही, तीन भाषा येतात, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

बाकीचं मला परतताना बेनिग्नोने सांगितलं. हिनेसामावशी लग्न होऊन आली तेव्हा तिने आईच्या वेलीची एक काडी आणली होती. तिच्या माहेरी तशी रीत होती. नवरी काडी आणते, नवरा खड्डा खणतो. मार्सियालने खणलेला तो पहिला खड्डा, रस्त्याच्या कडेला. छप्पन्न वर्षं ती वेल तिथं होती. मग सहलींच्या बस वाढल्या, थांब्याला जागा हवी झाली, आणि कडेचे पाच खड्डे बुजवले गेले. त्या वेलीची एक काडी काकांनी आधीच छाटून तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली होती. उरलेल्या जमिनीत एकही चांगली जागा रिकामी नव्हती. होती ती फक्त खोल राख.

"आणि हे तू मला आज सांगतोस?" मी बेनिग्नोवर भडकले.

"तू माइक खाली ठेवशील तेव्हा ना!"

पुढच्या रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी जुनी पँट घालून तिथं गेले. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं. काकांनी मला बोलूच दिलं नाही. एक टोपली पायाने माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "अर्धीच भर. पहिल्याच दिवशी पाठ मोडशील."

त्यानंतर मी बरेच रविवार गेले. माणूस कळायला त्याच्याबरोबर टोपल्या वाहाव्यात. काका कमी बोलत, पण हाताने सगळं सांगत. उतार किती ठेवायचा ते तळहात राखेवर टेकवून बघत. राख कुठून सुटणार हे त्यांना आवाजावरून कळायचं. पडलेली भिंत त्यांनी पहिल्यापासून रचली, एकेक दगड हातात फिरवून त्याची बसायची बाजू शोधली. कुठं चुना नाही, सिमेंट नाही, आणि वारा त्या दगडांमधून गाळला जाऊन आत येतो. मी एकदा विचारलं, "काका, खाली माती नसलीच तर?"

"आहे. राख पडली ती कशावर तरी पडली ना!"

"पण किती खोल?"

"ते मी कुठं ठरवलंय," ते म्हणाले, आणि टोपली उचलली.

घाई होती ती डब्यातल्या काडीची. तिला आता तिसरं वर्ष लागलं होतं, मुळं डब्यात गोल गोल फिरून पत्र्याला भिडली होती. ऑक्टोबरात तिची पानं पिवळी पडली. काका हबकले. त्या दिवशी त्यांनी खणलं नाही, डब्यापाशीच बसून राहिले. संध्याकाळी ते पाणी घालायला उठले तर समोरून हिनेसामावशी पाण्याचा तांब्या भरून येत होती. तेव्हा उलगडा झाला. काका सकाळ-संध्याकाळ गुपचूप पाणी घालत होते आणि दुपारी ते खड्ड्यावर गेले की मावशी घालत होती. वेल बुडत होती.

"तू म्हणाली होतीस ना, मेली तर मेली," काका म्हणाले.

"वेलीला म्हणाले. तहानेला नाही."

पाणी कमी झालं, वेल सावरली. पण मावशीने सांगून टाकलं, "जानेवारीत छाटणी. तोवर जमिनीत गेली नाही तर ती डब्यातच मरेल. आणि मी काही त्या खड्ड्याचं तोंड बघायला येणार नाही." जेवणाचा डबा द्यायला मात्र ती रोज येतच होती, खड्ड्याकडे पाठ करून.

डिसेंबर संपला. काका आता दर चार टोपल्यांनंतर बसायचे. खड्डा अडीच पुरुष खोल गेला होता आणि खाली तेच काळे खडे. बेनिग्नो बस थांबली की लोकांना वाइन पाजायचं काम माझ्यावर टाकून खाली उतरायचा, चारपाच टोपल्या वर आणायचा आणि हात झटकत परत स्टीअरिंगवर बसायचा. गावातले दोघेतिघे यायला लागले. वेडा हा शब्द कुणी काढत नव्हतं. मीही माइकवर नवं वाक्य घेतलं होतं, "डावीकडे मार्सियाल उंपिएरेस आपल्या बायकोसाठी खड्डा खणतायत." यावर लोक हसायचे, पण वेगळं.

जानेवारीच्या चौदा तारखेला, मंगळवारी, आमची बस थांब्यावर उभी होती. खालून फावड्याचा आवाज बदलला. इतके दिवस खसखस यायचा, तो धप्प असा आला. बेनिग्नो आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि मागच्या पायवाटेने खाली उतरलो. काका गुडघ्यांवर बसले होते. त्यांच्या ओंजळीत माती होती. तांबूस, ओलसर, मऊ माती. तीनशे वर्षं कुणी तिच्यावर पाऊल टाकलं नव्हतं. बेनिग्नोने हॅट काढली. मी रडायला लागले, आणि वर पंचवीस माणसं ग्लास हातात धरून बघत होती की मूठभर मातीवर ही तिघं एवढी का वेडी झाली.

"हिनेसाला बोलवा," काका म्हणाले.

हिनेसामावशी वेलीचा डबा कडेवर घेऊन आली. खड्ड्याच्या काठाशी उभं राहून तिने पहिल्यांदा खाली बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

"एवढं?" ती म्हणाली. "अरे माणसा, एवढं?"

तिचे गुडघे धरलेले. पायवाटेवर ती सरळ खाली बसली आणि डबा मांडीवर घेऊन बसत बसत उतरली. तळाशी पोचल्यावर तिने मातीची चिमूट जिभेवर ठेवली.

"खारट नाही," ती म्हणाली. "चालेल."

पत्रा काकांनी कापला, वेल तिने लावली. वर चार बोटं राख पसरली. मग रीतीप्रमाणे जो वेल लावतो तो शेवटी निघतो, ठसे पुसत. काका पुढे चढले, मागून बेनिग्नोच्या आधाराने मावशी, पाठमोरी, हातात दाताळं. एकेक पाऊल वर येत तिने काकांची तीन वर्षांची पायवाट पुसून टाकली. खालचा उतार असा गुळगुळीत झाला की तिथं कधी कुणी राबलं होतं असं सांगून खरं वाटलं नसतं. शेवटी उरला काकांचा एक ठसा, अगदी वर, भिंतीच्या आडोशाला, टोपली खांद्यावर घेऊन ते रोज जिथं टेकायचे तिथला. खोल, टाचेकडे जास्त रुतलेला. तिने दाताळं उचललं आणि थांबली.

"तो राहिला," काका म्हणाले. "तिथली राख दव पिणार नाही."

"नको पिऊ दे."

ला हेरियात ठशांवरून सगळ्यात जास्त भांडलेली बाई ही. काकांनी हॅट सारखी केली आणि घरी जेवायला गेले.

वेलीने चौथ्या वर्षी पहिले घोस धरले. त्यांतली पाच द्राक्षं काकांनी खाल्ली, गोडी कमी आहे म्हणाले, आणि त्याच हिवाळ्यात गेले. मी अजूनही रोज बस थांबवते. त्या ठशाभोवती आता तीन दगड आहेत. वाऱ्याने खडे उडून त्यात पडतात, म्हणून हिनेसामावशी रोज सकाळी येते. सगळा उतार ती दाताळ्याने सारखा करते. तिथं आली की दाताळं बाजूला ठेवते, दुखऱ्या गुडघ्यांवर बसते, आणि आत पडलेला एकेक खडा बोटांनी वेचून काढते.