गुलाबी पत्रकातली गाठ

तुम्ही शेवटचे होडीत बसलात तेव्हा जाकीट अंगात घातलं होतं, की त्यावर बसला होतात? उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. आमच्या काठावर बहुतेक सगळे त्यावर बसायचे. जे बसत नव्हते त्यांनी ते चुकीचं बांधावं, याची व्यवस्था मी केली होती. लिहून, छापून, वाटून.

मुळा नदीचं पाणी धरणाला अडलं आणि आमच्या वस्तीसमोरचा ओढा, त्यापलीकडची शेतं, बाभळीचं रान सगळं खाली गेलं. आई जिथून चालत कामाला जायची तिथून आता होडीनं जावं लागे. कांद्याची खुरपणी, उसाची लागण, जे काही काम होतं ते पलीकडच्या काठाला. रोज सकाळी सात-आठ बाया आणि दोन-तीन गडी होडीत बसायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचे. होडी लांब आणि अरुंद. एका बाजूला कुणी वाकलं की दुसरी बाजू उचलायची. मधोमध बुडालेल्या बाभळींचे शेंडे होते. पाणी उतरलं की ते होडीच्या बुडाला खरडायचे.

एकदा होडी अशाच एका शेंड्यावर चढली आणि कलली. आईच्या मांडीवरचं भाकरीचं फडकं पाण्यात गेलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "भाकर गेली आज." आणि चुलीकडे वळली. मला मात्र त्या दिवसापासून एका जागी बसवेना. आईला पोहता येत नव्हतं. होडीतल्या एकाही बाईला येत नव्हतं. आमच्याकडे विहिरीत पोहायला पोरं शिकतात. मुली काठावर बसून त्यांची कापडं राखतात.

जाकिटं नव्हती असं नाही. धरणाच्या कामावरचे एक साहेब बदली होऊन जाताना सहा जाकिटं होडीवाल्या मामांकडे ठेवून गेले होते. मामा जातीनं भोई, पाण्यात जन्म गेलेला माणूस. जाकिटांपैकी चार नारिंगी, आत सावरीच्या कापसासारखा मऊ कापूस भरलेली. दोन जुनी, जाड किंतानात बुचाचे ठोकळे शिवलेली, जड आणि कडक. नारिंगी जाकिटांवर गडी बसायचे, कारण फळीवर बसून ढुंगण दुखतं. बुचाची दोन आमच्या वस्तीच्या बायांच्या पायाशी पडलेली असत. ती आमची हे कुणी ठरवलं नव्हतं. पण आमच्या अंगाला लागलेलं जाकीट पुन्हा दुसऱ्या कुणी उचललं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून ते ठरलेलंच होतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील श्रीरामपूरला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शनिवारी घरी येताना उरलेली, फसलेली, एका बाजूला कोरी राहिलेली पत्रकं आणायचे. आमच्या भिंतींचा पोपडा त्या कागदांनी धरून ठेवला होता. शाळेत जायच्या आधी मी भिंत वाचायला शिकले. 'जागे व्हा' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे अडचण दिसली की माझा हात आधी कागदाकडे जातो. हा गुण आहे असं मी तोवर समजत होते.

मी काठावर जाऊन विचारलं, जाकिटं आहेत तर घालत का नाही? गडी हसले. एक म्हणाला, "आमाला पवता येतंय, बाई. ज्यांना येत न्हाई त्यांनी घालावं."

"मग त्यांच्यासाठी उठा त्यावरून."

तो उठला नाही. बायांनीही मला दुजोरा दिला नाही. माझी थोरली चुलती, जिच्या जिभेला सगळी वस्ती वचकून असे, ती म्हणाली, "छातीवर ती झूल चढवायची, आन् समोर ही मानसं बसलेली. म्होरं नाडी आवळायची. मी काय पोळ्याचा बैल हाय?"

खरी अडचण तिथं होती. जाकिटाला दोन नाड्या, एक गळ्याखाली, एक छातीखाली. त्या नाड्या पुरुषांसमोर ओढून बांधणं एकाही बाईला पटेना. मी त्यावर चार दिवस विचार केला. विचार केला म्हणजे फिरत राहिले. विहिरीवर माझा धाकटा भाऊ पोहायला शिकताना मी पाहिला होता. वाळवलेला भोपळा पाठीवर, दोरी कमरेला. तासाभरात पोरगं बेडकासारखं हातपाय मारायला लागलं. मग जाकीट काय, भोपळाच. कमरेला बांधायचं, वरून पदर सोडायचा, लाजही राहते आणि जीवही.

मी पत्रक लिहिलं. वडिलांनी ते वाचून फक्त म्हटलं, "शब्द कमी कर. खिळे मोजके हायत." लग्नपत्रिकेचा गुलाबी कागद उरला होता, त्यावर छापलं. 'बायांनो, लाज आणि जीव दोन्ही राखता येतात. जाकीट भोपळ्यासारखं कमरेला बांधा. दोन गाठी मारा. जाकिटावर बसणाऱ्याला उठवा.' खाली माझं नाव नव्हतं, पण प्रत्येक अक्षराचा मला अभिमान होता. वडिलांनी एक गठ्ठा सोनईच्या बाजारात वाटला, एक बेलापूरला प्रवरेच्या काठी. मी आमच्या काठावर वाटली, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली.

आणि लागू पडलं. कमरेला बांधायला कुणाची हरकत नव्हती. 'उठवा' हा शब्द छापलेला पाहून गडीही कुरकुरत उठले. चार-पाच दिवसांतच सहा बायांच्या कमरेला सहा जाकिटं दिसू लागली. चुलती तर दिमाखात म्हणाली, "आता उसाचा भारा घ्यायला बी बरं, कंबरेला आधार हुतो."

मामांनी काही म्हटलं नाही. ते वल्ही मारत आणि बायांच्या कमरेकडे बघत, आणि त्यांच्या कपाळावर आठी असे. एका दुपारी होडी रिकामी असताना त्यांनी मला हाक मारली. "पोरी, तो कागद वाच बरं पुन्ना."

मी वाचला. मोठ्यानं, ठसक्यात.

"हे तू पान्यात करून पाह्यलंस का?"

"भोपळा सगळे कमरेलाच बांधतात, मामा."

"भोपळा पवनाऱ्यासाठी असतोय. ते पोरगं मान वर धरतंय, हात मारतंय. तुझी आय काय मारनार हाय?" त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. "साहेबानं मला दावलं हुतं, पर मी बायांना काय सांगू, छातीला बांधा म्हनून? तू बाईमानूस, तू सांगशील वाटलं. तर तू लिवलंस कमरेला."

मी चिडले. इतके दिवस गप्प बसून आता माझ्यावर ढकलता, असं काहीतरी तोडून बोलले. त्यांनी वल्हं पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाले, "कागदावर कोन बुडत न्हाई, पोरी."

मी तिथून निघाले, पण घरी जाता येईना. बायांना आणायला मामा होडी घेऊन निघून गेले, मी काठानं नुसती चालत राहिले. समोरच्या बाजूला ठिपक्यांसारख्या बाया वाकून खुरपत होत्या, आणि त्यांतल्या एका ठिपक्याच्या, आईच्या, कमरेला माझी गाठ होती. मला वाटलं, ओरडावं. तिथवर आवाज पोचला नसता.

आई उतरल्यावर मी तिला धुण्याच्या खडकाकडे नेलं. तिथं पाणी छातीएवढं असतं आणि बाभळीच्या कुंपणाआड कुणाला दिसत नाही. तिच्या कमरेचं बुचाचं जाकीट सोडून मी माझ्या कमरेला बांधलं. दोन गाठी, पत्रकात लिहिल्याप्रमाणे.

"काय करतीस?"

"बघते."

पाण्यात उतरले, पाय सोडले. पुढे काय झालं ते मला नीट क्रमानं सांगता येणार नाही. कंबर वर आली. एखाद्यानं मागून धरून उचलावी तशी वर आली, आणि जेवढी ती वर आली तेवढं डोकं खाली गेलं. पाय जमिनीला लागेनात, कारण पाय पाण्याच्या वर होते. छातीएवढ्याच पाण्यात मी खाली तोंड करून हात झाडत होते आणि जाकीट आपलं काम चोख करत होतं. आईनं वेणी धरून मला ओढलं.

खडकावर बसून मी खोकत होते. आई माझ्याकडे नाही, त्या गाठींकडे बघत होती. सकाळी ती त्याच गाठी बांधून गेली होती आणि त्याच गाठी बांधून आली होती. ती म्हणाली, "आता नीट बांध."

"छातीला बांधावं लागेल."

"मग बांध की. हितं कोन हाय?"

मी ते तिच्याच हातून माझ्या छातीवर बांधून घेतलं. पहिल्या वेळी सैल राहिलं, पाण्यात उतरताच कानापर्यंत वर सरकलं आणि माझी हनुवटी बुचाला अडकली. पुन्हा बाहेर. या वेळी आईनं बैलाचा पट्टा आवळावा तसा गुडघा माझ्या पाठीला लावून नाडी ओढली आणि मग दोन्ही खांद्यांवर पकडून जाकीट वर उचलून पाहिलं. ते हललं नाही. मी पाय सोडले. पाण्यानं मला उताणं केलं आणि तसंच ठेवलं. तोंड वर, कान पाण्यात, वर नुसतं पांढरं आभाळ. मी काहीच करत नव्हते आणि बुडतही नव्हते.

मग तेच जाकीट छातीला बांधून आई उतरली. जन्मात पहिल्यांदा तिचे पाय तळापासून सुटले. तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. थोड्या वेळानं हात सोडला.

नारिंगी जाकिटं मामांच्या परवानगीनं आम्ही तिथंच तपासली. गड्यांच्या बुडाखाली महिनोन्‌महिने दबून दोन जाकिटांतला कापूस चपातीसारखा झाला होता, आणि तिसऱ्याची आतली पिशवी फाटून ते पाणी पीत होतं. पिळलं तर अर्धी घागर निघाली असती. म्हणजे सहांपैकी धड तीनच. त्यांत आमची दोन, जी कुणी घेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर उभी राहिले आणि सांगितलं की पत्रकात मी चूक लिहिली. हे वाक्य बोलायला मला किती वेळ लागला ते मलाच ठाऊक. आमच्या घरात पत्रक चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भिंतीवरचं एकही वाक्य 'माझं चुकलं' म्हणत नव्हतं.

चुलती म्हणाली, "काल कंबर, आज छाती. उद्या डोक्याला बांधायला लावशील. छापायच्या आदी का नाय बुडून पाह्यलंस?"

गडी हसत होते. आई पुढे झाली, बुचाचं जाकीट उचललं, सगळ्यांच्या समोर डोक्यातून घातलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. "वढ," ती म्हणाली. मी गुडघा लावला आणि ओढलं. हसणं थांबलं असं मी म्हणणार नाही. एक जण हसतच होता. पण आईनं वळून त्याच्याकडे पाहिलं नाही, ती जाऊन होडीत बसली.

मामांनी वल्हं वाळूत रोवलं. "आजपासनं बाया आदी बांधून बसतील, मग गडी चढतील. तंवर गड्यांनी त्या लिंबाखाली उभं ऱ्हायचं, तोंड गावाकडं करून. ज्याला जमत न्हाई त्यानं पवत यावं. तुमाला पवता येतंय न्हवं?"

दोन बायांनी एकमेकींमध्ये लुगडं धरून आडोसा केला आणि तिसरीला बांधलं. उरलेलं एक धड नारिंगी जाकीट दुसऱ्या आळीच्या एका म्हाताऱ्या बाईला दिलं. आमच्या बुचाच्या जाकिटाकडे तिनं बराच वेळ पाहिलं होतं, पण हात लावला नाही. चुलतीनं त्या दिवशी काहीच घातलं नाही. तिसऱ्या दिवशी आईनं स्वतःचं काढून तिच्या गळ्यात टाकलं आणि ती शिव्या देत उभी राहिली, पण उभी राहिली.

तीन जाकिटं आणि आठ बाया. बाकीच्यांसाठी मी अर्ज लिहिते आहे, तालुक्याला, जिल्ह्याला, ज्याचा पत्ता मिळेल त्याला. ते माझं काम आहे, ते मी करीन. पण एक काम माझ्या हातात उरलेलं नाही.

सोनईला वाटलेली पत्रकं मी परत आणू शकत नाही. मी गेले, दुकानादुकानांत विचारलं, काहींच्या पुड्या बांधलेल्या सापडल्या, त्या सोडवून घेतल्या. बेलापूरच्या काठावर एका घराच्या दारावर माझा कागद चिकटवलेला होता, तो मी नखांनी खरवडला. बाकीचे कुठं आहेत मला माहीत नाही. कुठल्या तरी घाटावर, कुठल्या तरी बाईच्या कमरेला, माझी ती गाठ आज सकाळीही बांधली गेली असेल. हे लिहितानाही मी दोनदा उठून दारापर्यंत जाऊन आले.

म्हणून तुम्हाला सांगते. गुलाबी कागदावर छापलेलं, 'भोपळ्यासारखं कमरेला बांधा' असं म्हणणारं पत्रक दिसलं तर फाडा, माझ्यासाठी जपून ठेवू नका. आणि पुढच्या वेळी होडीत पाय ठेवण्याआधी जाकीट दाबून बघा, ते फुगून परत वर येतं का. छातीला बांधा, शेजारच्या माणसाला दोन्ही खांद्यांवर धरून वर ओढायला सांगा, आणि ते कानापर्यंत आलं तर सोडून पुन्हा आवळा. मग तुमच्या शेजारच्या बाईला बांधा. जाकिटाला दुसऱ्या आळीचा हात लागलेला असेल तरी बांधा.